शेतवस्तीवरील वायफाय : दूर असलेल्या घरच्यांना फोनवरून मदत कशी करावी?

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड, नाशिक या तालुक्यांत बरीच शेतकरी कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यातील वस्तीवर राहतात. मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नाशिक, पुणे, मुंबई येथे असतात. कोणी परदेशी गेलेले असते. वस्तीवर आई-वडील, चुलता-चुलती किंवा मामा-मामी असतात. अलीकडे अशा वस्त्यांवरही ऑप्टिकल फायबरची तार किंवा सिमकार्डावर चालणारा राउटर पोहोचला आहे आणि घरातील चार-पाच फोन त्याच वायफायवर चालतात.

हे वायफाय आता केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही. भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय कृषी सल्ला, २०१९ साली सुरू झालेले 'मेघदूत' अॅप, विजेची पूर्वसूचना देणारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' अॅप, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, निर्यातक्षम द्राक्षबागांसाठी अपेडाची २००६ पासूनची 'ग्रेपनेट' प्रणाली, बाजार समितीचे भाव, ही सर्व माहिती इंटरनेटवरूनच येते किंवा जाते. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर बाग कोवळ्या फुटीवर असताना पाऊस झाला, तर डाऊनीच्या फवारणीचा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. त्याच दिवशी वस्तीवरील इंटरनेट बंद पडले आणि मोबाइलची रेंज गच्चीवर गेल्याखेरीज मिळत नसली, तर घरच्यांची अडचण होते. मग घरातून किंवा नात्यातून ज्याला यातले थोडेफार समजते त्याला फोन जातो. बहुधा तो फोन आपणालाच येतो.

अशा वेळी प्रत्यक्ष न जाता, केवळ फोनवरून, दोष कसा शोधावा, कोणती पूर्वतयारी करावी आणि कोणती काळजी घ्यावी याची माहिती या लेखात दिली आहे.

आधी निदान, मग उपाय

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर कधी ना कधी फोन केला असेल. ही सेवा २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाली. तेथील तज्ज्ञ आपले पीक पाहू शकत नाही. म्हणून तो औषधाचे नाव सांगण्याआधी प्रश्न विचारतो. पिवळेपणा वरच्या पानांवर आहे की खालच्या? शिरा हिरव्या आहेत की पिवळ्या? सगळ्या प्लॉटमध्ये आहे की एका कोपऱ्यात? मागील पाणी केव्हा दिले? या उत्तरांवरूनच त्याला लोहाची कमतरता, नत्राची कमतरता आणि मुळाशी साचलेले पाणी यांतील फरक कळतो.

वायफायच्या बाबतीतही हीच पद्धत वापरावी. डोळे आणि हात घरच्यांचे असतात, निदान आपण करावयाचे असते. परंतु बहुतेक जण येथे घाई करतात. 'बंद करून चालू करा', 'मागचे बटण दाबा', 'पासवर्ड पुन्हा टाका' अशा सूचना एकामागून एक दिल्या जातात. काय बिघडले हे न कळता चार गोष्टी बदलतात आणि मूळ दोषात नव्याची भर पडते. पिकावर एकाच वेळी तीन औषधे मारल्यास कोणत्या औषधाने गुण आला किंवा कोणत्याने पाने करपली हे समजत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि मगच पुढे जावे.

इंटरनेट घरात कसे येते?

निदान करण्यासाठी साखळीतील प्रत्येक कडी माहीत असणे आवश्यक आहे.

१) बाहेरची तार : फायबरच्या काळ्या तारेत केसासारखा बारीक काचतंतू असतो. त्यातून वीज नव्हे, तर प्रकाश वाहतो. तार तुटली किंवा फार वाकली की प्रकाश पोहोचत नाही. शेतवस्तीवर ही तार खांबावरून किंवा झाडावरून आणलेली असते. त्यामुळे कडब्याची उंच गाडी, फांद्यांची छाटणी, पाइपलाइनसाठी केलेली खोदाई, उंदीर यांपासून तिला धोका असतो.

२) राउटरची डबी : तारेतील प्रकाशाचे रूपांतर करून ती घरात वायफायच्या लहरी सोडते. काही घरी यासाठी दोन वेगळ्या डब्या असतात. सिमकार्डाच्या राउटरला तार नसते, तो मोबाइल टॉवरवर चालतो. अशा घरी तारेऐवजी रेंज आणि सिमचे रिचार्ज तपासावे.

३) अॅडॉप्टर : बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात. वीजपुरवठ्यातील चढउतारामुळे राउटरच्या आधी अॅडॉप्टर निकामी होण्याचा संभव असतो.

४) कंपनीकडील यंत्रणा : आपली डबी इन्व्हर्टरवर चालू असली तरी केबलचालकाच्या ठिकाणची वीज गेल्यास इंटरनेट बंद पडते. म्हणून 'शेजारच्या वस्तीवर चालू आहे का?' हा प्रश्न फार उपयोगी ठरतो.

५) फोन : पुष्कळदा दोष राउटरमध्ये नसून एखाद्या फोनमध्येच असतो.

पूर्वतयारी : सणावाराला घरी गेल्यावर हे करून ठेवावे

फोनवरील मदत सोपी की अवघड हे पूर्वतयारीवर अवलंबून असते. दिवाळीला किंवा यात्रेला घरी गेल्यावर अर्धा तास काढून पुढील कामे करावीत.

अ) इंटरनेट व्यवस्थित चालू असताना राउटरच्या पुढील बाजूचे, मागील बाजूचे आणि खालच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून आपल्या फोनमध्ये ठेवावे. निरोगी पान कसे दिसते हे माहीत असल्याशिवाय रोगट पान ओळखता येत नाही. चांगल्या स्थितीत कोणते दिवे लागतात, हे त्यासाठीच जपून ठेवावे.

ब) दिव्यांची नावे इंग्रजी अक्षरांत असतात. घरच्यांना ती वाचता येत नसल्यास प्रत्येक दिव्याखाली कागदाची चिठ्ठी चिकटवून मराठीत 'वीज', 'तार', 'इंटरनेट', 'वायफाय' असे लिहावे. अॅडॉप्टरच्या पिनेला आणि तिच्या खटक्याला एकाच रंगाची टेप लावावी, म्हणजे 'लाल टेपचा खटका बंद करा' असे सांगता येते.

क) एका वहीत ग्राहक क्रमांक, कंपनीचा तक्रार क्रमांक, रिचार्जची शेवटची तारीख आणि वायफायचे नाव व पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. पासवर्डमधील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी दिसतील अशी काढावीत. बँकेचा कोणताही तपशील या वहीत लिहू नये.

ड) राउटरच्या मागील बारीक छिद्रातील रिसेटच्या बटणावर टेप चिकटवून त्यावर 'विचारल्याशिवाय दाबू नये' असे लिहावे. याचे कारण पुढे दिले आहे.

इ) राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा बॅटरी संच बसवावा किंवा राउटर घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावा. राउटरला साधारणपणे १० ते १५ वॅट इतकीच वीज लागते.

फ) घरात किमान एक फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डाचा असावा. इंटरनेट बंद असताना साधा फोन लागला तरी निम्मे काम होते.

फोनवर विचारावयाचे प्रश्न

घरच्यांना राउटरसमोर उभे राहण्यास सांगावे आणि पहिले वाक्य असे असावे : 'काही दाबू नका, फक्त बघून सांगा.' त्यानंतर पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१) डबीवर एखादा तरी दिवा लागला आहे का? एकही नसल्यास प्रश्न विजेचा आहे.

२) किती दिवे लागले आहेत? त्यांचा रंग कोणता? स्थिर आहेत की लुकलुकतात?

३) इंटरनेट एकाच फोनवर बंद आहे की घरातील सर्व फोनवर? एकाच फोनवर बंद असल्यास राउटरला हात लावू नये.

४) केव्हापासून बंद आहे? त्याआधी काय घडले? वीज गेली होती का, वीज कडाडली का, आवारात मोठी गाडी आली का, घरात रंगकाम किंवा साफसफाई झाली का?

५) राउटरपासून दोन पावलांवर उभे राहिल्यास चालते का? चालत असल्यास दोष रेंजचा आहे.

६) रिचार्जची तारीख उलटून गेली आहे का?

७) शेजाऱ्यांकडे त्याच कंपनीचे इंटरनेट चालू आहे का?

प्रश्न नेमका असावा. 'नेट चालू आहे का?' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' एवढेच येते व त्यातून काहीच कळत नाही. भाचा आणि मामी यांच्यातील पुढील संवाद नमुन्यादाखल पाहावा.

भाचा : मामी, टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डबीसमोर उभ्या राहा. काही दाबू नका, फक्त बघून सांगा. किती दिवे लागलेत?

मामी : चार दिसतात रे. तीन हिरवे अन् एक तांबडा.

भाचा : तांबड्याखाली चिठ्ठीवर काय लिहिलंय?

मामी : 'तार' लिहिलंय. लुकलुकतोय तो.

भाचा : बरं. आज आवारात एखादी उंच गाडी आली होती का?

मामी : आली होती ना. कांदाचाळीचे पत्रे घेऊन टेम्पो आला होता दुपारी.

भाचा : मग बाहेर जाऊन खांबापासून घरापर्यंतची काळी तार नुसती बघा. हात लावू नका.

मामी : अरे, ती तर खाली लोंबतेय.

या संभाषणात एकही बटण दाबले गेले नाही. तरीही तिसऱ्या प्रश्नाला दोष सापडला आणि तक्रार नोंदविताना 'तार तुटली आहे' असे नेमके सांगता आले. असे सांगितल्यास कंपनीचा माणूस तार जोडण्याचे साहित्य घेऊनच येतो, दुसरी फेरी वाचते.

तक्ता १ : फायबर राउटरवरील दिव्यांवरून निदान
(दिव्यांची नावे व रंग बनावटीप्रमाणे थोडे बदलतात. आपल्याकडील छायाचित्राशी पडताळून पाहावे.)

१) एकही दिवा नाही – वीज नाही, खटका बंद, पिन सैल किंवा अॅडॉप्टर निकामी. त्याच खटक्यावर मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. चार्जर चालल्यास अॅडॉप्टर तपासावा.

२) 'एल-ओ-एस' दिवा तांबडा किंवा लुकलुकणारा, 'पी-ओ-एन' दिवा बंद – प्रकाश पोहोचत नाही. तार तुटली, वाकली, पिन निघाली किंवा कंपनीकडील यंत्रणा बंद आहे. शेजाऱ्यांकडे विचारावे व तक्रार नोंदवावी.

३) 'पी-ओ-एन' स्थिर हिरवा, इंटरनेटचा दिवा बंद किंवा तांबडा – तार चांगली आहे. रिचार्ज संपले आहे किंवा कंपनीकडील नोंदणीत अडचण आहे. रिचार्ज तपासून राउटर एकदाच बंद-चालू करावा.

४) सर्व दिवे ठीक, वायफायचा दिवा बंद – बाजूचे वायफायचे बटण चुकून दाबले गेले आहे. ते एकदा दाबून दोन मिनिटे थांबावे.

५) सर्व दिवे ठीक, एकाच फोनवर बंद – त्या फोनमध्ये विमान चिन्ह चालू नाही ना, तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे पाहावे. त्यानंतर त्या फोनमधील वायफायचे नाव काढून टाकून पासवर्ड पुन्हा टाकावा.

६) सर्व दिवे ठीक, सर्व फोनवर मंद – ठरलेला डेटा संपल्याने वेग कमी केला गेला असेल किंवा घरात कोणीतरी मोठे काम चालविले असेल. बाकीचे फोन वायफायवरून काढून एकाच फोनवर तपासावे.

बंद-चालू करण्याची योग्य पद्धत आणि रिसेटचा धोका

राउटर बंद-चालू करणे हा उपाय चांगला आहे, परंतु तो नीट केला जात नाही. खटका बंद करून एक मिनिट थांबावे. नंतर खटका चालू करून पूर्ण पाच मिनिटे वाट पाहावी. या काळात दिवे लुकलुकतात, ते साहजिक आहे. पाच मिनिटे होण्याआधीच पुन्हा बंद केल्यास यंत्र कधीच स्थिर होत नाही. दोनदा करूनही फरक न पडल्यास तिसऱ्यांदा करू नये.

रिसेटचे बटण ही वेगळी बाब आहे. हे बटण साधारण दहा सेकंद दाबून धरल्यास राउटर कारखान्यातून आला त्या स्थितीत जातो. वायफायचे नाव व पासवर्ड पुसले जातात. फायबरच्या अनेक जोडण्यांत कंपनीने टाकलेले ग्राहकाचे नाव व सांकेतिक शब्दही त्याबरोबर जातात. म्हणजे पूर्वी रिचार्ज केल्यावर सुरू झाले असते ते इंटरनेट, आता तंत्रज्ञ वस्तीवर येईपर्यंत बंदच राहते. म्हणून तंत्रज्ञाने सांगितल्याशिवाय हे बटण दाबू देऊ नये.

अॅडॉप्टर निकामी झाल्यास घरातील दुसरा कोणताही चार्जर जोडू नये. बॅटरीवरील फवारणी पंपाच्या चार्जरची पिन बसली तरी त्याचा दाब वेगळा असू शकतो आणि राउटर जळू शकतो. जुन्या अॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट व अॅम्पिअर फोनवर वाचून घ्यावेत. नवीन अॅडॉप्टरचे व्होल्ट तेवढेच आणि अॅम्पिअर तेवढे किंवा जास्त असावेत.

रेंज कमी असल्यास

'घरात चालते, पॅकिंगच्या शेडमध्ये चालत नाही' अशी तक्रार वस्तीवर बरेचदा ऐकू येते. वायफायच्या लहरी धातूच्या पत्र्यातून जात नाहीत, दगडी भिंतीतून कमी होतात आणि पाण्यात शोषल्या जातात. म्हणून राउटर लोखंडी कपाटामागे, पाण्याच्या टाकीजवळ किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मोकळ्या जागी ठेवावा. मात्र राउटर हलविताना फायबरची तार ओढू नये आणि तिचा वेटोळा बांगडीपेक्षा लहान करू नये. काचतंतू तुटला नाही तरी फार वाकल्यास त्यातील प्रकाश कमी होतो.

द्राक्ष बागायतदारांनी एक बाब लक्षात घ्यावी. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर बाग मोकळी असताना शेडपर्यंत मिळणारी रेंज, कॅनॉपी वाढल्यानंतर कमी होते. पानांतील पाणी लहरी शोषून घेते. यात राउटरचा दोष नसतो व नवीन राउटर घेण्याची घाई करू नये. राउटरमधून २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसत असल्यास लांबच्या जागेसाठी २.४ वापरावे. ते मंद असले तरी दूरपर्यंत पोहोचते. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असतो, परंतु भिंती आणि झाडोरा त्याला लवकर अडवितात. शेडमध्ये कायम गरज असल्यास तेथपर्यंत बाहेर वापरण्याजोगी तार नेऊन दुसरा राउटर बसविणे हा खात्रीचा उपाय आहे.

दूरवरून पडदा पाहणे : सावधगिरी

इंटरनेट अंशतः चालू असल्यास किंवा मोबाइल डेटा मिळत असल्यास व्हिडिओ कॉल करून राउटरचे दिवे पाहता येतात. त्यासाठी घरच्या फोनमधील वायफाय तात्पुरते बंद करून मोबाइल डेटा चालू करावयास सांगावे, नाहीतर फोन बंद पडलेल्या वायफायलाच चिकटून राहतो. हा उपाय सोपा आणि सुरक्षित आहे.

दुसऱ्याच्या फोनचा पडदा आपल्या फोनवर दाखविणारी अॅपही मिळतात. ती वापरताना मात्र फार जपावे. अशा अॅपमधून बँकेचे संदेश व ओटीपीसुद्धा दिसतात. वायफाय दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा त्यांची गरजच पडत नाही. वापरावेच लागले तर काम होताच ते अॅप काढून टाकावयास सांगावे आणि ते काढल्याची खात्री करून घ्यावी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपण घरच्यांना फोनवरून मदत करतो तेव्हा त्यांना एक सवय लागते : फोनवरचा आवाज सांगेल तसे बटण दाबावयाचे. हीच सवय ठगाच्या उपयोगी पडते. 'तुमच्या इंटरनेट कंपनीतून बोलतो, तुमची जोडणी आज बंद होणार आहे, हे अॅप घ्या, आलेला आकडा सांगा' असा फोन येतो आणि घरची मंडळी विश्वासाने तसे करतात. म्हणून मदत करताना घरात पुढील नियम ठरवून द्यावेत.

१) मदतीसाठी फोन नेहमी आपण लावावयाचा. आलेल्या फोनवर कोणी कितीही घाई केली तरी काही दाबावयाचे नाही.

२) वायफाय दुरुस्तीसाठी बँकेचा ओटीपी, एटीएमचा पिन किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो मागितला की फोन ठेवावयाचा.

३) कंपनीचा क्रमांक फोनमध्ये शोधावयाचा नाही. वहीत लिहिलेलाच वापरावयाचा.

४) मुलाचे किंवा नातवाचे नाव सांगून अनोळखी क्रमांकावरून कोणी बोलल्यास त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करावयाची.

५) फसवणूक झाल्याचे लक्षात येताच विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावयाचा. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता अधिक असते.

आपण एखादे बटण का दाबावयास सांगत आहोत, हे प्रत्येक वेळी एका वाक्यात सांगावे. कारण विचारण्याची सवय लागलेल्या माणसाला ठगाने फसविणे अवघड जाते. त्याचप्रमाणे घरच्यांवर रागावू नये. एकदा बोलणी बसली की पुढच्या वेळी 'मी काहीच दाबले नाही' असे उत्तर येते, आणि नेमकी तीच माहिती आपणास हवी असते.

फोनवरील मदत कोठे थांबवावी?

पुढील परिस्थितीत दूरवरून प्रयत्न करीत बसू नये.

अ) एप्रिल-मेमधील वळीव किंवा परतीच्या पावसात वीज कडाडत असताना घरच्यांना राउटरजवळ पाठवू नये. काचतंतूतून वीज येत नसली तरी अॅडॉप्टरची वायर आणि छपरावरील डिशची तांब्याची वायर यांतून ती येऊ शकते. वादळ येण्यापूर्वीच पिन काढून ठेवावी, वादळात काढावयास जाऊ नये.

ब) तुटलेली तार विजेच्या खांबावरून आली असल्यास किंवा विजेच्या तारेला टेकली असल्यास तिला कोणीही हात लावू नये. प्रथम महावितरणला कळवावे.

क) फायबरच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरीही तो तेथे असतो. तुटलेल्या काचेचे कण बोटात शिरतात, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे. ही तार टेपने जोडता येत नाही, त्यासाठी यंत्र लागते.

ड) वयस्कर माणसांना शिडीवर किंवा पत्र्यावर चढावयास सांगू नये.

अशा वेळी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक व तारीख वहीत लिहावी. ठरलेल्या मुदतीत दाद न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांत ही सोय करून दिलेली आहे. मात्र अपिलासाठी तक्रार क्रमांक आवश्यक असल्याने तोंडी तक्रारीवर समाधान मानू नये.

प्रत्येक बिघाडानंतर वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात : कोणता दिवा कसा दिसत होता आणि कशाने सुरू झाले. वर्षभरात अशी पाच-सहा टिपणे जमली की बहुतेक दोष पुन्हा तेच असल्याचे आढळून येईल. मग 'तांबडा दिवा लुकलुकतोय, तार बघून आले, तक्रारही नोंदवली' असे सांगण्यासाठीच घरून फोन येईल. बागेची फवारणी वेळेवर व्हावी आणि बँकेतील कष्टाचे पैसे सुरक्षित राहावेत, यासाठी घरातील मोठ्या माणसांना इतके स्वावलंबी करणे हीच खरी मदत होय.